गरड सरांना ओल चालत नाही

मे महिन्यात आमच्या कॉलेजात दोन जागी माणूस भाजून निघतो. एक मैदानातला झेंड्याचा कट्टा आणि दुसरा रसायनशास्त्र विभाग. कट्ट्याचं समजू शकतो, तिथं छप्परच नाही. आमच्या विभागाला मात्र छप्पर आहे, पंखे आहेत, आणि एके वर्षी संस्थेनं एक नवाकोरा कूलरही दिला होता. तो आला त्या दिवशी सगळा विभाग शर्टाची वरची दोन बटणं उघडून त्याच्यापुढं उभा राहिला. अर्ध्या तासानं डॉ. निवृत्ती गरड तासावरून आले. त्यांनी भिंतीतली पिन उपटली, कूलर दोन्ही हातांनी कवेत घेतला आणि पाणी सांडत सांडत व्हरांड्याच्या त्या टोकाला, भूगोल विभागाच्या दारात नेऊन आदळला.

“घ्या. हवामान शिकवायला उपयोगी पडंल,” ते भूगोलवाल्यांना म्हणाले. “आमच्यात ओल चालत न्हाय.”

परत आले ते थेट माझ्यासमोर. “मामा, ह्या खोलीत आता किती पाणी तरंगत असंल, कल्पना हाय का तुम्हाला?”

मला कुठली कल्पना? मी घाम पुसत होतो. त्यांनी माझ्या हातातल्या रुमालाकडं पाहिलं. “आणि हे फडकं बाहेर वाळत घाला.”

मामा म्हणजे मी. आडनाव लोखंडे. धाराशिवच्या या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून मी लागलो तेव्हा माझे केस काळे होते. विद्यार्थी मामा म्हणायचे, मग त्यांचे प्राध्यापक झाले तेही मामाच म्हणत राहिले, आता प्राचार्यही म्हणतात. गरड सर माझ्याहून चार वर्षांनी लहान. आई-वडलांनी नाव निवृत्ती ठेवलं, पण या माणसाला पाच मिनिटांची निवृत्ती कुणी दिलेली मी पाहिली नाही.

बसणं म्हणून काही असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. सोलापूरच्या एसटीत खिडकीची जागा रिकामी असली तरी हे दांडीला धरून उभे. कंडक्टर म्हणायचा, “सर, जागा हाय की.” सर म्हणायचे, “जागा हाय वो, पण बसून काय करू?” परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून त्यांना मोठा हॉल दिला, तर तीन तासांत त्यांनी एवढ्या फेऱ्या मारल्या की एका मुलानं लेखी तक्रार केली, गरगरायला होतं म्हणून. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत बसवलं, तर पहिला घास घेऊन उठले आणि आचाऱ्याकडं गेले. पाकाची साखर का झाली, यावर त्या दोघांचं एवढं जुंपलं की अक्षता पडल्या तरी आचारी स्टेजकडं बघेना.

आता हा माणूस करत काय होता, ते सांगायला हवं. मला जसं कळलं तसं सांगतो.

औषधांच्या कितीतरी गोळ्यांमध्ये फ्लोरिन नावाच्या मूलद्रव्याचा एक कण बसवलेला असतो. तो बसला की औषध शरीरात टिकतं, लवकर मोडत नाही. पण बसवायचा कसा, तिथं सगळी मारामारी. “मामा, फ्लोरिन मोकळा असला तर दिसंल त्याला चावतो,” सर सांगायचे. “आणि मिठात बांधलेला असला तर हलतच न्हाय. वेडा तरी न्हायतर आळशी तरी. ह्याला मधे धातू लागतो. धातू एका हातानं कार्बनला धरतो, एका हातानं फ्लोरिनला, दोघांना शेजारी बसवतो आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या कामाला जातो.”

जगात मोठमोठे लोक यासाठी पॅलेडियम वापरतात. आमच्या कॉलेजात पॅलेडियम फक्त फळ्यावर लिहिण्यापुरतं. म्हणून सरांनी तांबं धरलं होतं. तांब्याच्या क्षाराच्या चिमटीभर भुकटीनं हे काम साध्या काचेच्या फ्लास्कात झालं पाहिजे, आमच्यासारख्या कुठल्याही कॉलेजात झालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मधे दोन वर्षं लोखंडही करून पाहिलं. ते जमेना तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाले, “मामा, तुमचा धातू कामाचा न्हाय.” मी म्हणालो, “सर, घरीही हेच म्हणतात.”

या सगळ्यात त्यांचा एकच दुश्मन. पाणी. पाण्याचा अंश आला की फ्लोरिन त्यालाच जाऊन बिलगतो आणि मग कुणाचाच राहत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं. त्यामुळं फ्लास्क रात्रभर ओव्हनमध्ये, मग त्यात नायट्रोजन भरायचा, तोंडाला नायट्रोजनचाच फुगा बांधायचा. न्हाऊन केस ओले ठेवून आलेल्या मुलींना ते दारातनं परत पाठवायचे, “डोकं वाळवून ये.” चिवडा मऊ पडला, पापड वातड झाला, पावसाळ्यात प्राचार्यांच्या केबिनचं दार फुगून अडकलं, काहीही झालं तरी त्यांचा एकच प्रश्न, “ओल कुठनं आली?” सगळा जिल्हा आभाळाकडं डोळे लावून बसायचा, तेव्हा हा एक माणूस ढग दिसला की कपाळाला आठ्या घालायचा. एकदा तर बाहेर शेतकरी पालकांसमोरच म्हणाले, “यंदा लवकर येऊ नये म्हणजे मिळवली.” मी हाताला धरून त्यांना आत आणलं.

त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी एकच विद्यार्थिनी होती, बेंबळीची वैशाली. रोज एसटीनं यायची. हाडाची कष्टाळू, बोलणं कमी. वडलांनी तिला स्पष्ट सांगितलेलं, “यंदा झालं तर झालं. न्हायतर दिवाळीनंतर तुझं बघावं लागंल.” सर बोलायचे शंभर वाक्यं, ही बोलायची एक, तेही “हो सर.” सर चालत चालत सांगायचे, ती वही घेऊन मागं मागं चालत लिहायची. लांबून कुणाला वाटावं, मोजणी खात्याची माणसं आहेत.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका सोमवारी तिच्या फ्लास्कात ते झालं. तपासायच्या काचपट्टीवर, दिव्याच्या हिरव्या उजेडात, जिथं कधी काही नसायचं तिथं काळा ठिपका आला. सरांनी तो पाहिला, पट्टी उलटी करून पाहिली, मला दाखवली, शिपायाला दाखवली. नमुना हैदराबादला एका मोठ्या संस्थेत पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं, बरोबर आहे, फ्लोरिन हव्या त्या जागी बसलाय. सरांनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं. इतिहासाच्या सरांना दोनदा सांगितलं.

आणि मग ते पुन्हा होईना.

मार्च गेला, एप्रिल गेला. वैशाली करून बघायची, सर करून बघायचे. तीच भुकटी, तेच मीठ, तेवढीच आच. काचपट्टी कोरी. सरांची चाल वाढली. रसायनाची बाटली बदलली, फुगे बदलले, तराजू दुरुस्तीला गेला आणि ठणठणीत म्हणून परत आला. कूलर गेला तो याच दिवसांत. नंतर पंखेही बंद झाले, कारण पंखा बाहेरची हवा आत ओढतो. आम्ही तिघं त्या भट्टीत उभे, आणि सर प्रत्येक कोऱ्या पट्टीनंतर म्हणायचे, “ओल येतीय. कुठनं तरी येतीय.”

शेवटी ती ओल माझ्यापर्यंत आली. एका सकाळी सरांनी मी धुतलेला फ्लास्क उजेडात धरला. “मामा, हे धुणं न्हाय. तुमच्या धुण्यातच कायतरी राहतंय. तुमचं आता वय झालं.”

आयुष्यभर मी काच धुतली. माझ्या हातचा बीकर आरशासारखा असतो, हे बाहेरून येणारे परीक्षकही सांगायचे. मी ब्रश खाली ठेवला आणि मागच्या खोलीत स्टुलावर जाऊन बसलो. वैशाली समोरच होती, तिनं ते ऐकलं.

थोड्या वेळानं ती मागं आली. डोळे भरलेले. “मामा, तुमचं धुणं चांगलं हाय,” ती म्हणाली. “चूक माझी हाय.”

मग तिनं सांगितलं. फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी बेंबळीची गाडी दीड तास उशिरा आली होती. ओव्हनमधले वाळलेले फ्लास्क बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला गेले होते. तिनं एक फ्लास्क नळाखाली धुतला, उलटा करून दोन झटके दिले आणि तसाच वापरला. वहीत मात्र रोजच्या सवयीनं लिहिलं, ‘रात्रभर वाळवलेला फ्लास्क.’ तिला वाटलं, असंही काही होणारच नाही, उद्या नीट करू. आणि नेमकं त्याच दिवशी झालं.

“मग सांगितलं का न्हाय पोरी?”

“सरांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं मामा. आणि मागं त्यांनी एकाला खोटं रीडिंग लिहिलं म्हणून काढून टाकलं, ते तुम्हीच सांगितलं होतं मला.”

ते खरं होतं. मीच सांगितलं होतं, चहा पीत, गंमत म्हणून.

“आता मला काढलं की घरचे लगीच...”

मी म्हणालो, “चल. मी येतो संगं.”

सर खिडकीपाशी फेऱ्या मारत होते. वैशालीनं वही टेबलावर उघडून ठेवली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “सर, हे खोटं हाय. फ्लास्क ओला होता.”

सर चालताचालता थांबले. वहीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मला वाटलं आता छप्पर उडणार. पण ते दार उघडून बाहेर निघून गेले. मी खिडकीतून पाहतो तो भर बारा वाजता मैदानात, डोक्याला काही न बांधता, सर कडेकडेनं चालतायत. एक फेरी, दुसरी फेरी. वॉचमन छत्री घेऊन मागं धावला, त्याला त्यांनी हातानंच परत पाठवलं. वैशाली भिंतीला टेकून रडत होती. सातव्या फेरीला सर वळले आणि आत आले. शर्ट अंगाला चिकटलेला.

“किती होतं?” दारातनंच विचारलं.

“काय सर?”

“पाणी. फ्लास्कात पाणी किती होतं?”

“तळाला... दोन-तीन थेंब असतील.”

“वैशाली, तू माझे तीन महिने घालवलेस.” त्यांचा आवाज चढला, मग मधेच उतरला. “आणि तुला सांगायची भीती वाटावी असा मी वागलो, ते महिने मी घालवले. त्याचं मागनं बघू. सहा फ्लास्क काढ. मामा, तुम्ही धुतलेले.”

त्यांनी सहाही फ्लास्क ओळीनं मांडले. पहिला कोरडा ठक्क. दुसऱ्यात सुईनं एक थेंब पाणी, तिसऱ्यात दोन, मग तीन, पाच, दहा. ज्या माणसानं आम्हाला घाम गाळायची बंदी केली होती, तो स्वतःच्या हातानं पाणी घालत होता आणि प्रत्येक थेंबाला तोंड वाकडं करत होता. चार तास सहा फ्लास्कांतलं मिश्रण फिरत राहिलं आणि त्यांच्याभोवती सर. संध्याकाळच्या आधी पट्ट्या दिव्याखाली धरल्या. कोरड्याची पट्टी कोरी. एका थेंबाला पुसट सावली. दोन थेंबांना ठिपका, असा गच्च काळा, की मीसुद्धा म्हणालो, “आला!” तीनला पुन्हा पुसट. पाच आणि दहाला काहीच नाही.

सरांनी सहाही पट्ट्या टेबलावर ओळीनं लावल्या. मग हळूहळू त्यांना उलगडलं, आणि ते आम्हाला सांगता सांगता स्वतःलाच सांगत होते. फ्लोरिनचं मीठ ठार कोरड्यात दगडासारखं पडून राहत होतं. विरघळतच नव्हतं, तर तांब्याच्या हाताला काय लागणार? दोन थेंबांत ते जरासं सैल होत होतं. जास्त झालं की पाणीच फ्लोरिनला गिळत होतं. “म्हणजे मी वर्षानुवर्षं त्याला उपाशी मारत होतो,” ते म्हणाले आणि चक्क हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वैशालीला लाल पेन दिलं. खोट्या ओळीवर खाडाखोड न करता शेजारी खरं काय ते लिहायला लावलं, तारीख घालून सही करायला लावली. खाली स्वतः सही केली. “वही खोटी लिहायची न्हाय. जग बुडालं तरी,” एवढंच बोलले. मला सरळ काही म्हणाले नाहीत. पण पुढचा आठवडाभर सगळी काच त्यांनी स्वतः धुतली. त्यात तीन फ्लास्क आणि एक कंडेन्सर फुटला. तेव्हा मीच ब्रश काढून घेतला, “सर, माफ केलं तुम्हाला. आता काच राहू द्या.” कूलर मात्र भूगोलवाल्यांनी परत दिला नाही.

एकदा झालेल्यावर विश्वास ठेवायची चूक आता कुणी करणार नव्हतं. वेगवेगळ्या दिवशी, एकदा वैशालीच्या हातानं, एकदा सरांच्या, एकदा तर माझ्याही हातानं, असं सहा वेळा केलं. सहावी पट्टी एका रविवारी सकाळी आली. तसाच काळा ठिपका. मी म्हणालो, “प्राचार्यांना फोन लावतो.” सर म्हणाले, “त्यांना उद्या. मामा, गाडी काढा. तेरला जाऊ.”

तेर त्यांचं गाव, एवढं मला माहीत होतं. तिथं कोण असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि इतकं बोलणाऱ्या माणसानं ते कधी सांगितलंही नव्हतं. माझ्या मोटरसायकलवर मागं बसून ते सगळ्या वाटेनं गप्प होते. मला तर दोनदा वाटलं, पडले की काय.

गावाच्या कडेला, तेरणा नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर दोन खोल्यांचं घर. शेजारच्या चुलत भावाच्या बायकोनं पाणी आणून दिलं. अंगणात कडुलिंबाखाली बाजेवर एक साठीचा माणूस बसला होता. दाढी आठवड्याची वाढलेली, हात मांडीवर, नजर समोरच्या मातीत.

“दादा, म्या हाय. निवा,” सर म्हणाले.

त्या माणसानं मान हलवली की नाही, कळलं नाही.

सरांनी पिशवीतून साबण, ब्रश, रेझर काढलं, वाटीत पाणी घेतलं आणि बाजेसमोर उकिडवे बसले. साबणाचा फेस करता करता मला सांगत होते, अगदी हळू. हे त्यांचे थोरले भाऊ, श्रीहरी. घरात पहिले कॉलेजला गेलेले. “म्या सातवीत होतो मामा. दादा बी.एस्सी.ला. सुट्टीत यायचा तेव्हा चिखलाच्या गोळ्या आणि ज्वारीच्या धांड्याचे तुकडे घेऊन मला शिकवायचा, कार्बनला चार हात असतात म्हणून. ह्याच झाडाखाली.” दुसऱ्या वर्षाला असताना हरीदादांना कानात कुणीतरी बोलल्यासारखं व्हायला लागलं. हळूहळू ते बोलणं थांबेना. मग डॉक्टर, मग गोळी. सरांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून बाजेवर ठेवली. “हिच्यात एक फ्लोरिन हाय. हिनं ते आवाज गेले. पण दादाचं बोलणंही गेलं. हात जड झाले. दोनदा धाराशिवला नेलं माझ्याकडं, दोन्ही वेळा चालत परत आला. इथंच बरं वाटतं त्याला.”

दर रविवारी सर इथं येत होते. इतकी वर्षं. आम्ही समजत होतो, ते रविवारीही कुठंतरी पळतायत.

फेस लावून झाला. सरांनी एक हात भावाच्या हनुवटीला लावला आणि रेझर कानापासून खाली ओढलं. आणि मग ते सांगू लागले. भावाला. पहिल्यापासून, नीट ओळीनं, घाई न करता. तांब्याचं सांगितलं, मिठाचं सांगितलं, वैशालीची उशिरा आलेली गाडी, लाल पेन, सहा फ्लास्क. स्टाफरूममध्ये सांगायचे तसं नाही. आपल्याहून जास्त कळणाऱ्या माणसाला सांगावं तसं. हरीदादांचा चेहरा फेसाखाली हलला नाही. मी मनात म्हणालो, कशाला सांगतायत, यांच्यापर्यंत पोचत नाही काही.

एक गाल झाला. सरांनी रेझर वाटीत धुतलं.

“निवा,” हरीदादा म्हणाले. आवाज खूप दिवस न उघडलेल्या दारासारखा. “पुना करून बघितलंस?”

सरांचा हात वाटीतच राहिला. स्टाफरूममध्ये, केबिनमध्ये, सगळ्या धाराशिवात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

“व्हय दादा. सहा येळा.”

“सारखंच आलं?”

“सारखंच.”



“मग खरं हाय,” हरीदादा म्हणाले, आणि दुसरा गाल भावापुढं केला.